फुकटचा बरफ

हिरा,

तिकिटं अजून तशीच आहेत. तुझं, माझं, रम्याचं, सुगंधाचं. निल्या बोस्टनहून रोज विचारतो, "बाबा, काय ते सांगा. रद्द करायची तर आता करायला पाहिजेत." रम्याला विचारलं तर तो फाटकं जाळं पुढ्यात ओढून बसतो. वाड्यातल्या बायका दाराशी येऊन सांगून जातात, घरातली लक्ष्मी गेली, वर्ष होईपर्यंत कसली सहल नि कसलं काय. रम्याची सुगंधा सून पडली, ती कुणालाच उलटं बोलत नाही, भाकऱ्या थापत राहते. राहिलो मी. मधे बसायचं काम या घरात तुझं होतं. मला ते येत नाही. मी जन्मभर होडी हाकली. माणसं तू हाकलीस.

माझं अक्षर चौथीतलं, तिथंच थांबलेलं. तरी लिहितो. तोंडानं बोलायला गेलो की माझं भांडणच होतं, आणि भांडायला तू नाहीस. ही बोस्टनची भानगड तू सुरू केलीस, तेव्हा तुलाच विचारायला पाहिजे.

गणपती बसले होते. आरती झाली आणि तू फोन भिंतीला टेकवून निल्याला दर्शन दाखवत होतीस. फोनवर धाकट्या भावाचं तोंड आलं की रम्या उठतो, पायात चप्पल सरकवतो आणि बंदरावर जातो. तसा गेला. सगळ्यांनी बघितलं. चपलेचा आवाज अमेरिकेपर्यंत पोचला, हे मला निल्याच्या डोळ्यांत दिसलं. तेव्हा तू एकदम म्हणालीस, "निल्या, तुमच्याकडे बरफ कधी पडतो?"

"डिसेंबरात, आय. का गं?"

"आमी तवाच येतो. सगळे."

माझ्या तोंडात मोदक होता. मी तसाच ओरडलो, "सगळे म्हणजे कोण?"

"सगळे म्हणजे सगळे," तू म्हणालीस, आणि फोन बंद करून टाकलास. तुला फोन लावता यायचा नाही धड, पण बंद बरोबर वेळेवर करता यायचा.

निल्यानं मला दुसऱ्या दिवशी फोन केला. पोरगं खूश होतं आणि घाबरलंही होतं. म्हणाला, "बाबा, तिला समजवा. डिसेंबरात इथं नाकातलं पाणी गोठतं. जूनमध्ये या. जूनमध्ये एवढं छान असतं, जुन्या गल्ल्या आहेत, बंदर आहे, पायी फिरता येतं." त्याचं बरोबरच होतं. जून-जुलैला आपल्याकडे मासेमारी बंद. होड्या वर काढलेल्या, सगळे हात मोकळे, रम्याला पत्ते कुटण्याशिवाय धंदा नाही. तिकडं तेव्हा ऊन. कुठलाही शहाणा माणूस तेव्हाच जाईल. आणि डिसेंबर म्हणजे आपला भर धंद्याचा महिना. त्या दिवसांत होडी नांगरून ठेवून कोण कोळी कुठं जातो? मी तुला हे दहा वेळा सांगितलं. शेवटी ओरडून सांगितलं. तू सुपातल्या जवळ्यातला कचरा वेचत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "जूनमदी तितं बरफ नसतो."

"बरफ काय बघायचाय तुला? जन्मभर बरफात हात घालून बसलीस. बोटं सडली बरफात."

"तो इकतचा बरफ. रोज सकाळी त्या बरफवाल्याशी तोंड वाजवून घेतलेला. तिकडं फुकट पडतो म्हने. वरून. फुकटचा बरफ एकदा बघायचाय मला."

वाड्यात ही गोष्ट झाली. हिराबाय अमेरिकेला फुकटचा बरफ बघायला जाते. बाजारात तुझ्या शेजारच्या म्हणाल्या, येताना दोन पाट्या भरून आण गो. तू हसलीस. निल्या फोनवर सांगायचा, "आय, तो बरफ नाही, स्नो आहे, कापसासारखा असतो," आणि तू सांगायचीस, "मासळीवर घातला तर मासळी टिकते का? टिकते ना? मग बरफच."

मग रोज संध्याकाळी तो तुला त्या शहराच्या गोष्टी सांगायला लागला. तिकडची सकाळ, आपली संध्याकाळ. मी पलीकडे बसून ऐकत नसल्यासारखा ऐकायचो. म्हणाला, हे शहर मासळीवर उभं राहिलं. आपल्या बोंबलासारखा त्यांचा एक मासा, तो सुकवून, खारवून जगभर विकला, त्यावर लोकांचे बंगले झाले. आणि त्यांच्या विधानसभेत, आमदार बसतात तिथं, वर एक मोठा लाकडी मासा टांगलाय. मानाचा. तू हातातलं काम सोडलंस. "विधानसभेत? मासा?" आणि मला म्हणालीस, "ऐकतोस का? तितं मासा आमदारांच्या डोक्यावर टांगलाय. आन आपल्या सोसायट्यांमदी पाटी घेऊन लिफ्टमदी चढू देत न्हाईत." तेवढ्यासाठी तू त्या शहराला आपलं मानलंस.

चहाची गोष्ट आठवते? निल्या म्हणाला, अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी इंग्रजांचा चहा पेट्याच्या पेट्या जहाजावरून समुद्रात फेकला, तिथून त्यांचं स्वातंत्र्य सुरू झालं. तू विचारलंस, "पानी काय होतं तवा? भरती का ओहोटी?" पोरगं हसायला लागलं. "आय, ते मला काय माहीत?" "मग विचार ना. ओहोटी असंल तर चहा तितंच पडून र्‍हायला असंल चिखलात. भरतीला फेकला तर खरा फेकला." तो म्हणाला, विचारून सांगतो. ते सांगायचं राहिलं.

आणि मी? मी सांगितलं होतं, मी येणार नाही. मेलो तरी येणार नाही. तू म्हणालीस, "नको येऊस. व्हिसा तेवडा काढून ठेव." व्हिसाच्या ऑफिसात त्या खिडकीपलीकडच्या बाईनं विचारलं, एवढ्या थंडीत कशाला जाताय? ते मराठी सांगणारं पोरगं बाजूला होतं. तू म्हणालीस, "बरफ बघायला." मग तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "मी जात नाहीये." तिकडची बाई हसली, तरी शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू मला रस्त्यात जे बोललीस ते मी लिहीत नाही.

रम्याला तू कसं तयार केलंस तेही मी बघत होतो. रम्या म्हणजे दगड. तीन शिमगे झाले असतील त्या गोष्टीला. निल्या बायकोला घेऊन आला होता, तिला दिवस गेलेले. गच्चीवर आपले बोंबील काठ्यांवर टाकलेले. ती पोर पुण्याची, तिला मळमळ. निल्या खाली आला आणि रम्याला म्हणाला, "दादा, जरा ते बोंबील दुसरीकडे हलव ना. वास येतो."

वास येतो.

कोळ्याच्या घरात हा शब्द कुणी बोलत नाही. लिफ्टमधली माणसं बोलतात, रिक्षावाले बोलतात, नाकाला रुमाल लावून बाजारात येणाऱ्या बायका बोलतात. घरातलं माणूस बोलत नाही. रम्यानं शाळा सोडली ती निल्या शिकावा म्हणून. रम्याच्या हातात तेव्हा रंगाचा डबा होता, होडीला सणाचा रंग चाललेला. डबा त्यानं खाली ठेवला, हळूच ठेवला, आणि म्हणाला, "या वासावर तू शिकलास रे. आता तुला वास आला. मग या घराची हवा पन घेऊ नकोस." निल्या पण आपलंच रक्त, तो म्हणाला, "नाही घेत." संध्याकाळीच बायकोला घेऊन कांदिवलीला मित्राकडे राहायला गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. पोरगी झाली, तिचं बारसं झालं, काकानं तिला फोनवरसुद्धा पाहिलं नाही.

तर रम्याला तू म्हणालीस, "तुजा बाप येत न्हाई. मला इंग्रजी येत न्हाई. विमानात मला कोन नेनार? शेजारी?" तो म्हणाला, "मी दारापर्यंत सोडीन आन मागं फिरीन." तू म्हणालीस, "बरं." एवढ्यावर तू ऐकलंस, तेव्हाच मला संशय आला.

संशय खरा ठरला दसऱ्याच्या आधी. मी परत तेच काढलं होतं, जूनला जाऊ, जूनला जाऊ. तू दार बंद केलंस. आपल्या घराचं दार दिवसा कधी बंद नसतं, म्हणून मी बघतच राहिलो. तू म्हणालीस, "तूच सांगायचास ना? होडीवर भांडन टिकत न्हाई."

सांगायचो खरा. मी तांडेल होतो, होडीवरच्या माणसांचा जिम्मा माझा. जमिनीवर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन खलाशी मी एका फेरीवर घेतले होते. लोक म्हणाले, वेडा झालास, एक तरी बुडवील दुसऱ्याला. मी म्हणालो, बघा. होडीवर उठून जायला जागा नाही. सगळीकडे पाणी. एकाच टोपातलं कालवण खायचं, एकाच दोराला दोघांचे हात. तोंड फिरवून फिरवून किती फिरवणार? धक्क्याला लागताना दोघं एकाच विडीवर होते. ही गोष्ट मी दारू चढली की सांगायचो. मला वाटायचं तू ऐकत नाहीस.

"इकडं काय होतं," तू म्हणालीस, "शब्द झाला की रम्या चप्पल घालतो आन बंदरावर जातो. निल्या मित्राकडं जातो. दार उघडं, दर्या मोकळा. जूनमदी तिकडं पन तसंच. ऊन पडलं की एक या गल्लीत, एक त्या गल्लीत. बरफात कुठं जातील? बाहेर पाऊल टाकलं की नाक गळून पडतं म्हने. घरातच बसाया लागंल. एकाच टोपातलं जेवाया लागंल. आन मी दाराशी पाट टाकून बसनार. कसा जातो बघतेच."

मी हसलो. काय करणार, हसूच आलं. एवढं मोठं अमेरिकेचं जुनं शहर, आणि तू त्याची होडी करायला निघालीस. पण हसता हसता मी एक वाईट बोललो, ते तुझ्या लक्षात असेल. मी म्हणालो, "आन तितं एकमेकांची डोकी फोडली म्हंजे?" तू दार उघडलंस आणि म्हणालीस, "मग निदान मी बघायला असंन."

ते तेवढं खोटं ठरलं, हिरा.

दसरा होऊन गेला होता. तू बाजारातून आलीस, पाटी धुतलीस, पाय धुतलेस, पायरीवर बसलीस. म्हणालीस, "चहा टाक रे, साखर बेतानं." मी चहा टाकला. आणेपर्यंत तू भिंतीला टेकलेली. मी म्हणालो, घे. तू घेतला नाहीस. बाकी काय लिहू त्यातलं? डॉक्टर आला, त्यानं मान हलवली, वाडा गोळा झाला.

रम्यानं स्वतः निल्याला फोन लावला. बोलला नाही, लावला आणि माझ्या कानाला धरला. निल्या म्हणाला, "मी निघतो. मिळेल ते विमान घेतो. बाबा, थांबा माझ्यासाठी. दादाला सांगा थांबायला." डॉक्टरही म्हणाला, पोरगा परदेशात असेल तर बरफाची पेटी मिळते, घरातच ठेवता येतं. चार माणसं म्हणाली, थांबू या. रम्या माझ्या पायाशी बसला. माझे गुडघे धरले त्यानं. "बाबा, थांबू या. निल्या येऊ दे. त्याला तोंड बघू दे." तीन शिमगे ज्याचं नाव घेतलं नाही, त्याचं नाव घेऊन तो माझ्यापुढे रडला. मी म्हणालो, "नाही. आजच न्यायचं."

तुझं ऐकलं मी. गेल्या वर्षी शेजारची भिकाबाय गेली, तिचा पोरगा दुबईहून येईपर्यंत तिला त्या काचेच्या पेटीत ठेवली होती. तू दर्शन घेऊन आलीस, अंघोळ केलीस आणि ओले केस झटकत म्हणालीस, "तिचं तोंड बघितलंस? बरफातल्या सुरमईवानी झालं होतं. मला तसं ठेवायचं न्हाई. सांगून ठेवते. जन्मात मी शिळी मासळी विकली न्हाई, आन मीच शिळी होऊन जाऊ? ताजी हाय तवाच न्या." आणि हसलीस. मी पण हसलो. पण तू हसून बोललेलं सगळंच खरं असायचं, हे मला एवढ्या वर्षांत कळलं होतं.

म्हणून नेली. सूर्य मावळायच्या आत. अग्नी रम्यानं दिला.

निल्या आला तेव्हा चुलीजवळ दिवा होता आणि घरात तू नव्हतीस. पोरगं दारातच उभं राहिलं, बॅग खांद्यावर, तिकडचा जाड कोट अंगावर, घामाच्या धारा. त्यानं मला काही विचारलं नाही. रम्याकडे बघितलं. म्हणाला, "एक दिवस. एक दिवस थांबता आलं नाही तुला." रम्याला एवढंच म्हणायचं होतं, मी नाही रे, बाबांनी नेली. पण तो बापावर ढकलणार नाही. चप्पल घातली आणि गेला.

आणि मी तेव्हाच का बोललो नाही, असं तू विचारशील. बोलायला तोंड उघडलं होतं. पण ते सांगायचं तर 'बरफ' म्हणायला पाहिजे, आणि तो शब्द वर येईना. गुंडाळून पडलेल्या जाळ्यासारखा आत अडकला. मी म्हणालो, "हातपाय धू." बस्स. बापानं आई गेलेल्या पोराला एवढंच सांगितलं.

ते दिवस कसे काढले, सुगंधाला विचार. एक पोरगा गच्चीवर, एक खाली. एक जेवून उठला की दुसरा बसायचा. भाऊबंद येत, दोघांच्या मधे बसत, तुझं चांगलं बोलत आणि चहा पिऊन पळत. निल्याची बायको तिकडून फोन करायची, पोरगी 'आजी आजी' म्हणायची, आणि रम्या भिंतीपलीकडे ऐकत उभा असायचा, मी पाहिलं. एका दुपारी, सुतक असूनही, सुगंधानं सुक्या बोंबलाचं कालवण केलं, निल्याला आवडतं म्हणून. तो ताटाकडे बघत राहिला. रम्या दारातून त्याच्या नाकाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता इथं काहीतरी होणार, वाट लागली. निल्यानं जेवण पूर्ण केलं, ताट चाटूनपुसून. रम्या वळून गेला. घरात एवढी शांतता मी वादळाआधीच्या दर्यावर ऐकली आहे. पाणी तेलासारखं होतं, पक्षी दिसत नाहीत, आणि तांडेल उगाच शीड-दोर तपासत राहतो.

बाराव्याच्या आधी तुझ्या अस्थी सोडायला होडी काढली. भटजी म्हणाला, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात सोडा, चालतं. मी म्हणालो, किनाऱ्यावर सोडली तर भरतीला परत येईल, बाजारात जाऊन बसेल. आत न्यायची. होडीवर आम्ही तिघंच. मी नको म्हणून सांगितलं बाकीच्यांना. मला वाटलं, आपण तांडेल आहोत, अजून एवढं तरी येतं आपल्याला.

वेसाव्याची खाडी सुटली, लांबवर उंच बिल्डिंगी बारीक झाल्या, तिथं मी रम्याला म्हणालो, मशीन बंद कर. त्यानं बंद केलं. मडकं निल्याच्या मांडीवर होतं. फुलं, नारळ सगळं झालं. तू पाण्यावर पसरलीस, थोडी राखाडी, थोडी झेंडूची, आणि हळूहळू खाली गेलीस. मग निल्या बोलला. पाण्याकडे बघत. "दादा, तुला माझा राग होता ना, तो माझ्यावर काढायचा होतास. आयवर कशाला काढलास?"

रम्यानं मशीनची दोरी हातात घेतली. तो चालू करणार आणि घरी नेणार, हे मला कळलं. उठून जायला बंदर नव्हतं, म्हणून तो मशीन शोधत होता. मी त्याचा हात धरला. म्हणालो, "ठेव ते." मग निल्याला म्हणालो, "त्याला काय विचारतोस रे? मला विचार. तो थांबत होता. माझे गुडघे धरले त्यानं, निल्याला येऊ दे म्हणून. मी नेली. तुझी आय म्हणाली होती, मला बरफात ठेवू नका. ताजी हाय तवाच न्या म्हणाली होती."

शब्द आला बाहेर. कसा आला ते मला विचारू नकोस.

होडी आडवी डोलत होती. मशीन बंद पडलं की आपल्या होडीला ती खोडच आहे. निल्या माझ्याकडे बघतोय, रम्याकडे बघतोय. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, आता रडेल. तो उठला, बाजूच्या काठाला गेला आणि भडाभडा ओकला. हिरा, कोळ्याचा पोरगा, वेसाव्याचा, होडीवर ओकला! तिथल्या विमानांत बसून बसून दर्या विसरला. पाय घसरला त्याचा, आणि रम्यानं एका झेपेत मागून पँटचा पट्टा धरला. धरून ठेवला. तो ओकतोय, हा धरून उभा. बऱ्याच वेळानं रम्या म्हणाला,

"काय रं? वास आला?"

तीन शिमग्यांनंतरचा रम्याचा पहिला शब्द हा. मला वाटलं, संपलं, आता दोघं पाण्यात. निल्यानं मान वर केली, ओठाला लाळ, डोळ्यांत पाणी, आणि हसायला लागला. हसताना परत ओकला. म्हणाला, "दादा, सोड, पडेन मी."

"पडलास तर काढीन."

गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही, तू उगाच पदर डोळ्याला लावू नकोस. रम्यानं डब्यानं दर्याचं पाणी काढून त्याच्या तोंडावर मारलं, जरा जोरातच मारलं. निल्यानं ते सोसलं. येताना मशीनजवळ बसून दोघं काही तरी बोलले, आवाजात ऐकू आलं नाही. मी पुढं नाळीवर बसलो होतो, दोघांकडे पाठ करून. तेवढं मला कळतं.

पण जमिनीला लागल्यावर परत घट्टच. बारावं झालं, निल्या निघाला. त्याला विमानतळावर सोडायला रम्या गेला, आपल्या मासळीच्या टेम्पोतून. पुढच्या सीटवर निल्या, मांडीवर सूटकेस, मागं बरफाचे रिकामे क्रेट, खिडकीची काच बंद पडलेली. पोरगं निमूट बसलं. परत येऊन रम्यानं जाळं पुढ्यात ओढलं. तिकिटांचं नाव काढलं नाही. मी रोज वाट बघतो. निल्या रोज विचारतो. आणि मला धाकधूक, की होडीवर झालं ते होडीवर राहिलं. सगळीच भांडणं धक्क्यापर्यंत मिटत नाहीत, हेही मी पाहिलंय, दारू चढल्यावर ते सांगत नाही एवढंच. या दोघांना अजून एक फेरी पाहिजे. मोठी. परत फिरायला जागा नसलेली. तुझं बरोबर होतं, डिसेंबरच पाहिजे. जून चुकीचा होता. हे मी कबूल करतोय, आणि ऐकायला तू नाहीस, हा तुझा शेवटचा खोडसाळपणा.

आज सकाळी रम्या जाळं बाजूला ठेवून म्हणाला, "बाबा, डिसेंबरात होडी दाम्या खलाशाकडे दिली तर चालवील का नीट?"

मी म्हणालो, "कशाला द्यायची?"

तो म्हणाला, "असंच."

मी म्हणालो, "दे. चालवतो तो बरी."

सुगंधा आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग परत सुरू झाला.

निल्याला फोन करून सांगितलं, आयचं तिकीट रद्द कर. बाकीची राहू दे. त्यानं विचारलं, "बाबा, तुम्हीपण?" म्हणालो, "व्हिसा काढून ठेवलाय ना तुझ्या आयनं." वाड्यातल्या बायकांना काय सांगायचं ते मी बघीन. वर्षभर सण नाही, खरं आहे. हा सण नाही. हा तुझा राहिलेला धंदा आहे.

त्या लाकडी माशाला तुझा नमस्कार सांगीन. चहा फेकला तेव्हा ओहोटी होती का, तेही विचारीन, कुणीतरी सांगेलच. फुकटचा बरफ हातात घेईन. तुझ्याएवढा वेळ नाही धरता येणार मला.

मी निल्याला घराचं विचारून घेतलं. म्हणाला, "बाबा, दोन दारं आहेत. मागच्या दाराशी बर्फ साचतो, ते थंडीभर उघडतच नाही."

"आन पुढचं?"

"पुढचं उघडतं."

म्हणालो, "तिथं एक पाट टाकून ठेव."